सारखी झीज

पुढच्या डाव्या टायरची खाच बाहेरच्या कडेला चार पूर्णांक दोन मिलिमीटर खोल होती, मध्यभागी चार पूर्णांक दोन आणि आतल्या कडेलाही चार पूर्णांक दोन. हेमांगीने खोलीमापकाचं टोक फडक्याने पुसलं आणि तिन्ही ठिकाणी पुन्हा टेकवलं. आकडे तेच आले.

दुसऱ्या कुठल्याही दुकानात असा टायर पाहून मालकाचं कौतुक झालं असतं. इतकी सारखी झीज म्हणजे हवा बरोबर, चाकांचा कोन बरोबर, चालवणाराही शहाणा. पण हा टायर हेमांगीच्या थोरल्या भावाच्या गाडीचा होता, आणि धैर्यशील शिंत्रेचे टायर कधीच सारखे झिजत नसत. वळणात शिरताना तो शेवटच्या क्षणापर्यंत वाट बघायचा आणि मग गाडी एकदम एका खांद्यावर टाकायचा. त्यामुळे त्याच्या टायरची बाहेरची कड मध्यापेक्षा दीड मिलिमीटर आधी जायची. पायातून काढलेल्या चपलेवरून घरातलं माणूस ओळखावं, तसा ती त्याचा टायर ढिगातून ओळखत असे.

तो टायर आता ओळखू येत नव्हता. घाटातली वळणं दादा घेत नव्हताच. टायर घेत होता.

"ताई, काय निघालं?" मुजावरमामांनी विचारलं. साठी ओलांडलेले हसन मुजावर तिच्या वडिलांच्या काळापासून दुकानात होते. शिरोलीच्या हमरस्त्याला लागून असलेल्या या दुकानात पूर्वी जुन्या टायरवर नवं रबर चढवायचं काम चाले, तेव्हा त्या भट्टीची राख त्यांनीच उपसलेली होती.

"काही नाही. छान झिजलाय."

मामा खाली वाकले, टायरवरून तळवा फिरवला, आणि चाकाचे नट एका वाटीत गोळा करू लागले.

हेमांगी रबराचं रसायनशास्त्र शिकली होती. दुकान सांभाळायला कोल्हापूरला परत येण्याआधी तिने पुण्याजवळच्या एका संशोधनशाळेत अकरा वर्षं काढली होती, आणि ती सगळी एकाच कामात गेली होती. टायरला जाणीव द्यायची.

कल्पना साधी होती. गाडी कितीही दणकट असो, तिचा रस्त्याशी संबंध येतो तो तळहाताएवढ्या चार तुकड्यांपुरता. गाडीने काय करायचं ते शेवटी हे चार तळहात ठरवतात. रबरात कार्बनचे अतिसूक्ष्म धागे विणले, की रबर ताणलं जाईल तशी त्या धाग्यांतून वाहणारी वीज कमीजास्त होते. ती सेकंदाला हजार वेळा मोजली, की प्रत्येक तळहात रस्त्यावर किती घट्ट बसलाय आणि कुठल्या क्षणी सुटू लागलाय हे कळतं. सुटू लागला, की चांगला चालक चाक जरासं उलट वळवतो आणि गाडी सावरते. सुटणं आणि सावरणं या दोन क्षणांमधलं अंतर म्हणजे चालकाचा उशीर.

बहुतेक गाड्या आता आपल्या आपण चालत होत्या. लोक मागच्या सीटवर झोपून पुण्याला जात. हाताने चालवायच्या गाड्या थोड्या उरल्या होत्या. त्यांना सगळे हसून हातगाड्या म्हणत. त्यातली एखादी गाडी चारशे अश्वशक्तीच्या वरची असेल, तर दर वर्षी टायर बसवणाऱ्याने दाखला द्यायचा, असा नियम होता. या चालकाला हे टायर योग्य आहेत आणि दोघांचा मिळून उशीर तीस शतांश सेकंदांच्या आत आहे, एवढंच त्यात लिहायचं आणि खाली सही करायची.

गेली तीन वर्षं धैर्यशीलच्या दाखल्यावर हेमांगीची सही होती.

तीन वर्षांपूर्वी त्याचा उशीर एकोणिसावरून सव्वीस शतांशांवर गेला, तेव्हा तिला फारसं काही वाटलं नाही. पंचावन्नाव्या वर्षी कुणाचाही जातो. खटकली ती दुसरी गोष्ट. सरळ रस्त्यावर त्याच्या गाडीच्या पुढच्या चाकांत एक बारीक थरथर उमटत होती. सेकंदाला पाच.

चाकाचं वजन कुठे कमीजास्त असलं की अशी थरथर येते. मुजावरमामांनी चाक यंत्रावर चढवून तोललं, शिशाचे तुकडे चिकटवले. थरथर राहिली. बेअरिंग बदललं, सुकाणूचे सांधे बदलले, तरी राहिली. वर्षभरात मामांनी ती चार चाकं तेरा वेळा तोलली.

हेमांगीला खरं तर दुसऱ्याच महिन्यात कळायला हवं होतं. चाकातला दोष चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो. ताशी चाळीसला सेकंदाला पाच थरथरी असतील, तर ऐंशीला दहा व्हायला हव्यात. दादाच्या गाडीत चाळीसला पाच, साठला पाच, ऐंशीलाही पाचच. आणि वळण आलं की ती नाहीशी व्हायची. चाकाला वळण आलेलं कळत नाही. हाताला कळतं. हात स्वस्थ असला की थरथरतो, कामाला लागला की थांबतो आणि अक्षर लहान होत जातं, असा एक आजार असतो. ही ओळ तिने एका वैद्यकीय लेखात वाचली, आणि लेख मिटून टाकला.

आप्पांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, दोन्ही मुलांना धंद्याचा एकच नियम शिकवला होता. गिऱ्हाइकाला गाडीतला दोष सांगावा, हातातला सांगू नये. गाडीतला काढता येतो. तीन पिढ्या हमरस्त्यावर काढलेल्या त्या घरात सगळे असंच शोधत. आधी हवा, मग चाक, मग सांधे, मग पुन्हा हवा. माणसापर्यंत कुणी पोचतच नसे.

तीही पोचली नाही. तिने टायर बदलला.

दुकानात वेगवान गाड्यांसाठी तीन तऱ्हा होत्या. कंपन्यांनी त्यांना मोठमोठी नावं दिली होती, पण मुजावरमामांच्या तोंडी होती ती चिकट, सोशीक आणि आया. चिकट टायरचं रबर मऊ आणि बाजू कडक. तो रस्ता शेवटपर्यंत धरून ठेवतो आणि सोडायच्या वेळी न सांगता सोडतो. सोशीक टायर थोडं कमी धरतो, पण सोडताना आधी कुरकुरतो, चालकाला वेळ देतो. आणि आया टायरच्या पोटात विजेवर आखडणारे तंतू असतात. घसरण सुरू झाली की चालकाच्या आधी तेच टायर आवळतात आणि वीसेक शतांश सेकंद सांभाळून नेतात.

दादा आयुष्यभर चिकटवर चालवत आला होता. पहिल्या वर्षी तिने त्याला सोशीक दिला, "रस्ते खराब झालेत" म्हणून. दुसऱ्या वर्षी आया दिला, "नवीन आलाय, वापरून सांग" म्हणून. तिसऱ्या वर्षी आयाचा आधार पूर्ण वर नेऊन ठेवला, आणि त्यासाठी कारणही सांगितलं नाही. दाखल्याचं यंत्र माणसाचा आणि टायरचा उशीर वेगळा करत नव्हतं. तो वेगळा कसा करायचा हे देशात दहा-पंधरा जणांना ठाऊक असेल, आणि त्यात ती होती. यंत्रावर एकवीस शतांश आले तेव्हा दादाने दुकानभर पेढे वाटले होते.

"हेमे! काय करालीस आत?"

तो आलाच. राखाडी जॅकेट, उजवा हात खिशात. तांबडी गाडी उचलणीवर चढवलेली पाहून तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला.

"चहा सांगू?" हेमांगीने विचारलं.

"नको. आधी माझं ऐक. मला ही आया नको."

"का?"

"अगं, काही लागतच नाही. रस्ता कुठं गेला तेच कळंना. दातात इंजेक्शन मारल्यावर आपलाच गाल आपल्याला दुसऱ्याचा वाटतो बघ, तसं. दोन वर्षं तुझ्या शब्दाखातर वापरली. पुढच्या रविवारी हातगाड्यांची घाटफेरी आहे. मला चिकट दे."

"दादा, करूळ घाट उतरायचा आहे. चिकट..."

"करूळ घाट मी तुला कडेवर घेऊन उतरलोय."

"कडेवर घेऊन गाडी चालवत होतास व्हय?" मुजावरमामा चाकामागून म्हणाले.

"मामा, तुम्ही नट मोजा." दादा हसला. मग आवाज खाली आणून हेमांगीला म्हणाला, "राजू बसणार आहे बाजूला. पहिल्यांदा. वळणं वाचून सांगणार. तीन महिने वही घेऊन पाठ करालीय पोरगी. तिला खरी गाडी कशी असते ते दाखवायचंय मला. आयाच्या मांडीवरची नाही."

राजलक्ष्मी, त्याची मुलगी. एकोणीस वर्षांची. हेमांगीने मनातल्या मनात घाटातली वळणं मोजली, पण तेही नवं नव्हतं. गेल्या वर्षापासून ते महिन्यातून दोनतीनदा होत होतं, आणि आता त्याचा कंटाळाच जास्त यायचा.

चिकटवर आयासारखं काही लपणार नव्हतं. कदाचित आकडा वाटतो तेवढा वाईट नसेल. कदाचित तिचा हिशेब चुकला असेल. एका परीने बरंच झालं, असं तिला वाटलं. दादाला काय ते यंत्रच सांगेल.

"चाचणी घेऊ," ती म्हणाली. "नव्या टायरवर साच्याचं तेल असतं, ते दीडशे किलोमीटरशिवाय जात नाही. चाचणीचा वापरलेला चिकट जोड आहे, तो चढवते. गगनबावड्याच्या रस्त्याला जाऊन येऊ."

"आत्ता?"

"आत्ता. मी बाजूला बसते."

मामांनी चारही चाकं चढवली. "हवा किती?" त्यांनी विचारलं. "तीस," दादा म्हणाला. हेमांगीने मान डोलावली.

गाळपाचा हंगाम जोरात होता. शहर मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना उभा ऊस आणि मधूनमधून तोडलेल्या फडांचे मोकळे चौकोन दिसू लागले. आपल्या आपण चालणारे ट्रक सारखं अंतर राखून मुंग्यांसारखे एकामागे एक जात होते. उसाचे ट्रॅक्टर मात्र अजून माणसंच हाकत. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, वर घरापेक्षा उंच भारा, आणि मागे रस्ताभर चिपाडं.

हेमांगीच्या मांडीवर टायरमधले आकडे दाखवणारी पाटी होती. ताशी चाळीस, सरळ रस्ता, दादाचे दोन्ही हात चाकावर सैल टेकलेले. पाटीवर ती बारीक लाट उमटली. सेकंदाला पाच. साठला पाच. तिने मोजणं थांबवलं.

"लागतंय," दादा म्हणाला. त्याचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता. "रस्ता लागतोय हाताला. खडी वेगळी, डांबर वेगळं. ही बघ पॅचवर्क, ही बघ! हेमे, तू हे माझ्याकडनं काढून घेतलं होतंस."

"हो."

"हो काय? दात कोरल्यासारखं हो म्हणतीस."

कळे गावाच्या पुढे वळणं सुरू झाली आणि लाट थांबली. हात कामाला लागले. तो पूर्वीसारखा शेवटपर्यंत वाट बघत होता, पूर्वीसारखाच गाडी खांद्यावर टाकत होता, आणि दोन वळणं इतकी सुंदर गेली की हेमांगी पाटीकडे पाहायची विसरली. लहानपणी ती मागच्या सीटवर उभी राहून त्याच्या मानेकडे बघत असे. गाडी वळते त्याच्या आधी त्याची मान वळते, हे तिने तेव्हाच टिपलं होतं.

तिसऱ्या वळणाच्या पलीकडे उसाचा ट्रॅक्टर होता. मागच्या ट्रॉलीवरून एक मोळी सुटली आणि रस्त्यावर पसरली. दादाने ब्रेक दाबला, चाक वळवलं. रसाने ओल्या चिपाडांवर टायरची मागची जोडी सुटली, आणि चिकट टायर सुटतो तशी, न सांगता सुटली. आता, हेमांगीच्या मनाने म्हटलं. आता वळव. उलट वळव.

त्याने वळवलं. पण मधे एक जागा रिकामी गेली.

गाडी आडवी फिरली, ट्रॉलीच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावरून गेली आणि कडेच्या मातीत, उसाच्या बुंध्यांकडे तोंड करून थांबली. धूळ पुढे निघून गेली. इंजिन बंद पडलं होतं.

"ओ शेठ!" ट्रॅक्टरवाला खाली उतरून ओरडला. "शर्यत लावलीया व्हय? पोराबाळांचं काय हाय का नाय घरात?"

दादाने काच खाली केली, हात वर करून माफी मागितली. ट्रॅक्टरवाला मोळी गोळा करायला गेला. 

पाटीवर आकडा होता. चव्वेचाळीस शतांश.

ऐंशीच्या वेगाला गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. एकोणिसाव्या शतांशाला हात वळवणारा माणूस आणि चव्वेचाळिसाव्याला वळवणारा माणूस यांच्यात साडेपाच मीटर असतात. करूळ घाटात रस्त्याच्या मध्यापासून कठड्यापर्यंत तेवढे नसतात.

"हवा किती होती?" दादाने विचारलं.

तिने पाटीवर हात ठेवला.

"हेमे, हवा किती भरली होती? गाडी अशी सुटत नाही. हवा जास्त असली पाहिजे."

त्याचा आवाज चिडलेला नव्हता. विनवणीचा होता. हेमांगीच्या तोंडून शब्द आपोआप निघाले, तीन पिढ्यांच्या सवयीने.

"बत्तीस असेल. मामांना मी नीट सांगितलं नाही. चुकलं माझं."

"तरीच," तो म्हणाला. सुटकेचा मोठा श्वास सोडला त्याने. "दोन पॉइंट जास्त. तरीच."

परत येताना तो पंचेचाळीसच्या वर गेला नाही. हेमांगीने पाटी बंद करून पायाशी ठेवली. तिला झोप येत होती. भीतीनंतर येते ती नव्हे. खूप दिवस एकाच कुशीवर निजल्यावर अंग जसं जड होतं, तसं काहीतरी.

दुकानात राजलक्ष्मी येऊन बसली होती. तिच्या मापाचा पट्टा बाजूच्या सीटला लावून घ्यायचा होता. छातीशी वळणांची वही. "आत्या, कशी झाली चाचणी? पप्पांनी घाबरवलं का तुला?"

"तुझ्या आत्यानं हवा जास्त भरून मलाच घाबरवलं," दादा म्हणाला.

मुजावरमामांनी गाडी उचलणीवर घेतली, माती झटकली. सांधे हलवून पाहिले, चाकं हाताने फिरवून कान लावला. मग हवेचा मापक लावून एकेक चाक पाहिलं. चौथ्या चाकापाशी ते उठले.

"हवा तीसच आहे की," ते म्हणाले. "चारीला तीस. मी माझ्या हातानं भरली. गाडीत काही नाही, ताई."

दादा हेमांगीकडे पाहत होता. मामांनी मापक खिशात घातला आणि खाली बघून हात पुसू लागले. हे आपण ठरवून बोललो की चुकून, याचा पत्ता त्यांनी चेहऱ्यावर लागू दिला नाही.

"तू बत्तीस म्हणालीस," दादा म्हणाला.

"म्हणाले."

तो वाट बघत राहिला. मग त्यानेच नजर काढून घेतली, आणि राजलक्ष्मीकडे बघून मोठ्याने म्हणाला, "जाऊ दे. हा जोडच जुना झालाय. आणि घाटात सध्या चिपाडं पण फार. आपण शहाण्यासारखं आयाच घेऊ. होता तोच जोड. हेमे, तू म्हणतीस तसं. झालं ना मनासारखं? मामा, चढवा आया."

इतकं सोपं झालं होतं. हेमांगी टेबलापाशी बसली आणि तिने मनात वजाबाकी केली. चव्वेचाळिसातून वीस गेले. चोवीस. तीसच्या आत. यंत्र हिरवा दिवा दाखवेल. घाटफेरीसाठी दाखला भरायची मुदत आज पाच वाजेपर्यंत होती आणि चार वाजले होते. रविवार जाईल. पुढच्या वर्षी काय, ते पुढच्या वर्षी.

पण आयाच्या पोटातले ते तंतू ज्या टेबलावर पहिल्यांदा आखडले, त्या टेबलाशी ती स्वतः होती. आखडताना ते तापतात. निवायला त्यांना पाऊण मिनिट लागतं, आणि तोवर ते पुन्हा आखडत नाहीत. सपाट रस्त्यावर पाऊण मिनिट म्हणजे काहीच नाही. घाटाच्या उतारावर पाऊण मिनिटात चार वळणं येतात. पहिल्या वळणाला आया सांभाळेल, दुसऱ्याला थोडं, आणि तिसऱ्याला तिथे फक्त दादा असेल आणि त्याचे चव्वेचाळीस शतांश. तंतूंच्या या थकण्याबद्दलचा अहवाल तिनेच लिहिला होता. तो कुणी वाचला होता की नाही, तिला ठाऊक नव्हतं.

डाव्या सीटवर राजलक्ष्मी पट्टा ओढून बघत होती. "पप्पा, इथून तर सगळा कठडा दिसेल!" ती आतून ओरडली.

"कठडा बघायचा नाही. वही बघायची."

मामांनी आयाची चाकं पुन्हा चढवली. यंत्र लावलं. दुकानाच्या मागच्या पट्ट्यावर दादाने चारदा गाडी घसरवून सावरली, दर वेळी मधे दोन मिनिटं थांबून, नियमात लिहिलं होतं तसं. हिरवा दिवा लागला. तेवीस शतांश.

"घ्या!" दादा उतरला. "तेवीस. अठ्ठावन्नावं वर्ष चालू आहे, कुणाला सांगू नका."

राजलक्ष्मीने टाळ्या वाजवल्या. मामा आतल्या नळावर हात धुवायला गेले.

हेमांगीने दाखल्याची पाटी त्याच्यापुढे सरकवली. आधी चालकाची सही, मग टायर बसवणाऱ्याची. दादाने उजवा हात खिशातून काढला, लेखणी धरली, आणि सावकाश सही केली. पडद्यावर शेजारीच त्याच्या आधीच्या सह्या होत्या, पडताळणीसाठी. तीन वर्षांपूर्वीची सही चौकट भरून बाहेर निघू पाहत होती, ध चा गोल मोठा, शेवटची रेघ फटकाऱ्यासारखी. त्यानंतरची थोडी बसकी. गेल्या वर्षीची निम्मी. आणि आजची सुरुवातीला बरी होती, पण शिंत्रेपर्यंत पोचता पोचता आकसत गेलेली, इतकी की शेवटचं अक्षर ठिपक्याएवढं उरलं होतं.

राजलक्ष्मीने खांद्यावरून वाकून पाहिलं आणि हसली. "पप्पा, हे काय? मुंगीनं केली का सही?"

"लेखणी घसरते तुझ्या आत्याची," दादा म्हणाला. पण तोही त्या चार सह्यांकडे पाहत होता. एकाखाली एक. त्याने डावा हात उजव्या मनगटावर ठेवला आणि तसाच ठेवला.

"दे," त्याने लेखणी हेमांगीकडे केली. "तुझी कर. पाच व्हायला आले."

तिने लेखणी घेतली. ती टेबलावर आडवी ठेवली.

"तीन वर्षं," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून बराच शांत होता. "पहिल्या वर्षी सोशीक दिला, तेव्हा रस्ते खराब झालेले नव्हते. आया दिला तो तू वापरून सांगावंस म्हणून नव्हता. तेरा वेळा चाकं तोलली मामांनी, दादा. चाकात काही नव्हतं. मला माहीत होतं."

"हेमे."

"आजचा आकडा मी पुसलेला नाही. तो घेऊन उद्या सकाळी आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. तो त्यांना कळेल. बाकी मी सांगेन."

राजलक्ष्मी एकदा आत्याकडे, एकदा वडिलांकडे पाहत होती. तिने वही मिटली होती.

"अगं, तेवीस आलेत," दादा म्हणाला. अगदी हळू. "यंत्रावर तेवीस आलेत. तू एक सही कर, बाकीचं आपण रविवारनंतर बघू. दर वर्षी करतेस. या वर्षी काय झालं?"

हेमांगीने त्याच्याकडे पाहिलं. पाटी उचलून तिने ती उलटी, पडदा खाली करून ठेवली.

"मी सही करणार नाही, दादा. आयावर नाही, सोशीकवर नाही, चिकटवर नाही. ही गाडी तू यापुढे कुठल्याच टायरवर चालवायची नाहीस."